मदत हवी आहे: पद्मिनीचा ब्लॉक ०.६०, ०.८० की थेट १.०० ला बोअर करू?

करवीरकर

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, १०८९ सीसी. दीड वर्षापासून गाडी ऑइल पीत होती. आंबा घाट चढताना मागचे लोक काच वर करायचे, एवढा निळा धूर. दिवाळीनंतर एकदाचं इंजिन उतरवलं.

मूळ बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६८.०० मिमी. ०.६०, ०.८०, १.०० म्हणजे त्यापेक्षा किती मिमी मोठं करायचं ते, पिस्टनही त्याच मापाचे घालायचे. आमच्या पिस्टनच्या डोक्यावर ४० ठोकलेलं निघालं, म्हणजे १९९९ मध्ये वडिलांनी काम करून घेतलं तेव्हा ब्लॉक ६८.४० केलेला. डायल बोअर गेजने रिंगा फिरतात त्या पट्ट्यात, वरच्या बाजूला, क्रँकच्या आडव्या दिशेने मोजलं. पहिला ६८.४८, दुसरा ६८.५०, तिसरा ६८.५१, चौथा ६८.५५. चौथा क्रँकच्या दिशेने ६८.४५ च भरतो, म्हणजे चांगलाच अंडाकृती झालाय. वर त्यात एका बाजूला दोन उभे ओरखडे आहेत. नख अडकतं.

आता तीन माणसं, तीन मतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला लेथवाला म्हणतो, डोक्याला ताप नको, सरळ १.०० करून टाका. गॅरेजचे मेस्त्री म्हणतात, चारही सिलिंडरना स्लीव्ह (आत बसवायची नळी) मारा आणि स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाचे पिस्टन घाला, गाडी नवीन. माझा जीव ०.६० मध्ये अडकलाय, कारण आकड्यांवरून ६८.५५ हे ६८.६० मध्ये बसायला हवं ना? जेवढं कमी कापलं जाईल तेवढं बरं असं वाटतं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला वाटेल ते कर, पण पुढच्या जोतिबाच्या यात्रेला गाडी पाहिजे."

गाडी वर्षाला फार तर दोन-अडीच हजार किमी चालते. काय करू?

सदाशिव_पेठी

आधी एक सांगा, गेज शून्य कशावर केलं होतं? डायल बोअर गेज फक्त फरक दाखवतं. ते स्केलपट्टी बघून लावलं असेल तर वरचे सगळे आकडे पंचांगातल्या पावसाइतकेच खरे.

करवीरकर

मायक्रोमीटर ६८.४० वर लॉक करून, त्यात गेज धरून. मायक्रोमीटर भावाच्या कॉलेजच्या लॅबमधला. ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवले होते. (आई अजून बोलत नाहीये. खोली देवघराच्या शेजारची.)

सदाशिव_पेठी

मग ठीक. माझे शब्द मागे घेतो.

काळीपिवळी

आमचं लालबागला गॅरेज होतं, पद्मिनीशिवाय दुसरं काही बघितलंच नाही म्हणा. दोन गोष्टी सांगतो.

एक, पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक लेथवर चढवू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्याच्या कितीतरी आधीच पार्टची उचल आटली होती. आता जे आहे ते जुन्या दुकानदारांच्या माळ्यावर. ब्लॉक ६८.८० करून बसलात आणि ०.८० चा सेट मिळाला नाही, तर १.०० करण्यावाचून गत्यंतर नाही. सेट घेताना चारही पिस्टन, पिना आणि रिंगा पाकिटातून काढून बघा. माझ्याकडे एकदा एका खोक्यात तीन ०.६० आणि एक ०.८० आला होता.

दुसरं, चौथाच का खाल्ला? तो फायरवॉलकडचा, पाण्याच्या पंपापासून सगळ्यात लांब. गाळ येऊन बसतो तो तिथेच. बोअरवेलचं पाणी ओतत असाल तर विचारूच नका. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या वाट्या काढा आणि आत स्क्रूड्रायव्हर घालून खरवडा. आमच्याकडे एका ब्लॉकमधून चहाचे दोन कप भरतील एवढा लाल चिखल निघाला होता. हे न करता बोअर केलंत तर पुढच्या उन्हाळ्यात परत तोच सिलिंडर.

करवीरकर

काढल्या वाट्या. चहा नाही, पण फुलपात्रभर नक्की निघाला. बोअरवेलचंच पाणी होतं. 🙏

शिरोलीचा_भट्टीवाला

मी फाउंड्रीत आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमची ०.६० ची बेरीज चुकतेय, आणि ही चूक सगळे करतात. सिलिंडर चारी बाजूंनी सारखा झिजत नाही. पिस्टन ज्या बाजूला ढकलला जातो ती बाजू जास्त जाते. चौथा ६८.४० चा ६८.५५ झाला, म्हणजे १५० मायक्रॉन वाढला. त्यातले समजा ११० एका भिंतीतून गेले आणि ४० समोरच्या. बोअर करणारा केंद्र पकडतो ते न झिजलेल्या तळाच्या भागावरून, आणि तेच बरोबर आहे, नाहीतर सिलिंडर क्रँकच्या रेषेतून सरकेल. आता त्या केंद्रापासून सगळ्यात खोल जागा ३४.२० अधिक ०.११, म्हणजे ३४.३१. दुप्पट करा: ६८.६२. झाला की नाही ०.६० बाद? ओरखडे तर अजून धरलेच नाहीत. ते ५०-६० मायक्रॉन खोल असले तर ६८.७२ ते ६८.७४ पर्यंत जावं लागेल. एका बाजूचा खड्डा नेहमी दुपटीने मोजायचा.

म्हणजे ०.८० मध्ये निघेल, पण काठावर. होनिंगसाठी (दगडाने शेवटचं घासण्यासाठी) व्यासात ५०-६० मायक्रॉन तरी ठेवावे लागतात, म्हणजे लेथवाल्याने ६८.७४ ला थांबायचं. म्हणून आधी फक्त चौथा बोअर करा. तो ६८.७४ ला साफ झाला तर बाकीचे तीन ०.८० ला न्या, ते सहज निघतील. नाही झाला तर बाकीच्यांना हात न लावता पुढचा निर्णय घ्या. लेथवाले एक, दोन, तीन, चार अशा ओळीने जातात. तुम्ही समोर उभं राहून उलटं करायला लावा.

आता भीतीबद्दल. ०.८० आणि १.०० मध्ये भिंतीला पडणारा फरक किती? दर बाजूला ०.१० मिमी. ओतकाम करताना साच्यातला कोअर (आतली पोकळी ठेवणारा गाभा) यापेक्षा जास्त हलतो. तेवढ्याने ब्लॉक फाटत नाही. खरी भीती आतल्या गंजाची. पाण्याच्या बाजूने भिंत खाल्ली गेली असेल तर ०.६० सुद्धा धोक्याचं. शिरोलीत कास्टिंग तपासणाऱ्यांकडे अल्ट्रासॉनिक जाडी गेज असतं, ब्लॉक घेऊन जा, चौथ्याच्या चारी बाजू बघून घ्या. जिकडे पिस्टन ढकलला जातो त्या भिंतीला तीन मिमीच्या खाली मी स्वतः जात नाही.

आणि मेस्त्रींच्या स्लीव्हबद्दल, रागावू नका पण ब्लॉक वाचवण्याचा तो मार्ग नव्हे. दोन मिमी जाडीची स्लीव्ह बसवायची तर भोक ७२ मिमी करावं लागतं. म्हणजे १.०० ला घाबरून चार मिमी कापायचं! ओरखडा खोल निघाला तर एकट्या चौथ्याला स्लीव्ह मारून त्याला बाकीच्यांच्याच साइझला बोअर करा. चारही कशाला? आणि एका इंजिनात दोन साइझचे पिस्टन घालू नका, वजनात फरक पडतो.

जुना_लेथ

वरच्यांनी सगळं सांगितलंय. माझी थोडी भर: बोअर करताना मेन बेअरिंगच्या कॅप टॉर्कने कसून ठेवायला सांगा. क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) "सगळ्याला तीन थाऊ" (इंचाचे तीन हजारांश) असा ठोकळ देऊ देऊ नका. प्रत्येक पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनेच्या काटकोनात मोजा, त्यावर नंबर टाका, मग सेटच्या कागदावरचा क्लिअरन्स धरून तो तो सिलिंडर होन करा. रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) ६८.८० ला साधारण ०.२५ ते ०.३० येईल, पण रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने बघाच. आणि होनिंगनंतर ब्लॉक रॉकेलने नाही, साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पांढरं फडकं फिरवून काळं येतंय तोवर धूत राहायचं. रॉकेलने दगडाची पूड निघत नाही, बसते.

करवीरकर

मंडळी, अपडेट. जाडी तपासली: चौथ्याची सगळ्यात पातळ जागा ४.६ मिमी, तीही पाण्याच्या गाळाच्या बाजूला. ०.८० चा सेट पुण्यात नाना पेठेत मिळाला, "बोअर झाला नाही तर परत घेईन" असं दुकानदाराकडून पावतीवर लिहून घेतलं. चारही पिस्टन बरोबर निघाले.

आज सकाळी चौथा आधी लावला. लेथवाला आधी हसला, मग दोन वेळा स्वतःच बोट घालून बघत बसला. ६८.६० ला ओरखडे जसेच्या तसे. ६८.६८ ला एक गेला. ६८.७४ ला दुसऱ्याची केसाएवढी रेघ उरलीय, नख अडकत नाही, आणि ती रिंगांच्या पट्ट्याच्या खाली, तळाशी आहे. सीसी आता १११५ च्या आसपास होईल म्हणे, घरात मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

ती रेघ होनिंगमध्ये जाईल का, आणि नाही गेली तर तशीच ठेवू? लेथवाल्याने बाकीचे तीन उद्या दुपारपर्यंत थांबवलेत.

शिरोलीचा_भट्टीवाला

रिंगांच्या खाली असेल आणि नख अडकत नसेल तर ठेवा. बाकीचे तीन करायला सांगा.

काळीपिवळी

+१. आणि परत नाना पेठेत गेलात तर १.०० चा एक सेट उचलून माळ्यावर टाका. तुमच्या मुलाला लागेल.