दिवाळी कार्डं: मराठी मजकुराचा शिक्का, पसरणारी शाई आणि सोनेरी पावडर

ओलीशाई:
नमस्कार मंडळी. यंदा 40 दिवाळी कार्डं हाताने करायची आहेत. नाशिकच्या मेन रोडवरून 300 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचं) पांढरं आर्ट कार्ड आणलंय. पणतीचा लाकडी ठोकळ्यावरचा रबरी शिक्का आहे आणि शाई ऑफिसच्या काळ्या स्टँप पॅडची. ठसा छान उमटतो, पण अर्ध्या तासानेही बोट लागलं की फराटा. ब्रश पेनने रंग भरला तर काळं सगळं रंगात उतरतं.
दुसरं, 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' मराठीतच हवंय आणि तयार शिक्के बघावेत तर सगळे इंग्रजी. एका शिक्केवाल्यांनी 'फ्लॅश करून देतो' असं सांगितलं. तो चालेल का? अक्षरं सोनेरी एम्बॉस करायची आहेत, म्हणजे ओल्या ठशावर पावडर टाकून ती वितळवून उठावदार करायची. हेअर ड्रायरने पावडर नुसती उडाली.

टिपकागद:
दोष शिक्क्याचा नाही, कागद आणि शाई यांच्या जोडीचा आहे. आर्ट कार्डवर गुळगुळीत लेप असतो. ऑफिसच्या पॅडच्या शाईत ग्लिसरीनसारखं काहीतरी मुद्दाम घातलेलं असतं, म्हणजे पॅड महिनोन्‌महिने वाळत नाही. ही शाई साध्या कागदात मुरते म्हणून तिथे वाळल्यासारखी वाटते. लेपावर मुरायला जागाच नाही, मग ती तशीच ओली पडून राहते. दुकानात 'अनकोटेड' म्हणजे लेप नसलेलं कार्ड मागा, 250 ते 300 जीएसएम, गुळगुळीत पोताचं. शंका असेल तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभरात डाग पडला तर कागद पितोय, थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर लेप आहे. वॉटरकलरचा खडबडीत कागदही नको, ठसा तुटक येतो.

शाई मात्र रंग कशाने भरणार त्यावर ठरवा. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर मेमेंटोसारखी डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई, पण तिला पाणी लागलं की ती फुटते. तुमचे ब्रश पेन पाण्याचे दिसतात, तेव्हा काळ्या बाह्यरेषेसाठी रेंजर आर्काइव्हल किंवा व्हर्साफाइन घ्या. वाळल्यावर त्यांना पाणी चालतं. व्हर्साफाइन पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई आहे, वाळायला वेळ घेते. सध्याच्या दमट हवेत तर रात्रभर ठेवून सकाळी रंग भरलेला बरा. स्टॅझऑनच्या वाटेला जाऊ नका, ती काच-प्लॅस्टिकसाठी आहे. साध्या पाण्याने निघत नाही, तिचा वेगळा क्लीनर लागतो.

पॅडवर शिक्का दाबू नका. शिक्का उलटा धरून पॅडच त्यावर हलके टेकवत न्या. दाबला की शाई खाचांत जाते आणि ठशाभोवती कडा उमटतात.

उलटीवेलांटी:
फ्लॅश शिक्का या कामाला नको. त्याच्या पोटातच शाई भरलेली असते आणि ती आतून झिरपते, त्यामुळे एम्बॉसिंगची शाई त्यावर लावता येत नाही, रंगही बदलता येत नाही. 'पॉलिमर शिक्का' (यूव्ही म्हणजे अतिनील उजेडाने घट्ट केलेल्या मऊ प्लॅस्टिकचा) करून मागा आणि दांड्यावर चिकटवू नका असं आधीच सांगा. मागे प्लॅस्टिकची फिल्म असते, म्हणून तो बाजारातल्या पारदर्शक शिक्क्यांसारखा आपोआप ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर धरत नाही. पातळ दुहेरी टेप लावा. ठोकळ्यासाठी ॲक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्यांकडून 8-10 मिमी जाडीचा उरलेला तुकडा पुरतो.

खरी गोची फाइलमध्ये होते. वर्डची फाइल नेलीत आणि दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, किंवा सॉफ्टवेअर जुनं असेल, तर 'हार्दिक'मधली वेलांटी 'द'च्या नंतर जाऊन बसते, रफार सुटा पडतो आणि 'च्छा'चा पाय मोडतो. दुकानदाराला ते दिसेलच असं नाही. म्हणून मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेखाकृतींत) बदलून पीडीएफ द्या, किंवा 1200 डीपीआयचं (इंचाला 1200 ठिपके) निव्वळ काळं-पांढरं चित्र द्या. करड्या कडा नकोत. फाइल सरळच द्या. आरसा-प्रतिमा करणं त्यांचं काम आहे, तुम्हीही उलटलीत तर ठसा उलटा येईल.

अक्षर सडपातळ नको, फार जाडही नको. सर्वांत बारीक रेघ 0.4 मिमीच्या खाली गेली तर धुताना वाकते, आणि 'भ', 'च्छ' यांची पोटं लहान असली तर शाईने बुजतात. हा मजकूर दोन ओळींत, साधारण 6 सेमी रुंद ठेवा. वरची मात्रा आणि खालचा उकार धरून ओळीला 9-10 मिमी उंची द्या. ओळींमध्येही जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीची अक्षरं आणि खालच्या ओळीतली वेलांटी किंवा मात्रा एकमेकांत अडकतात.

हातात घेतल्यावर शिक्का चिकट लागला तर तो पुरता पिकलेला नाही. धुतल्यानंतर पाण्यात बुडवून पुन्हा यूव्हीखाली धरायचा असतो, तेवढं करून मागा. नव्या पॉलिमरवर शाई मण्यांसारखी गोळा होते. खोडरबर हलक्या हाताने फिरवा, की ती सपाट बसते.

ओलीशाई:
खूप आभार, फाइलचं तर डोक्यातही नव्हतं. टिपकागद, मग सोनेरी अक्षरं व्हर्साफाइननेच करू का? आणि हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) घ्यावीच लागेल?

तापट:
एम्बॉसिंगला शाई ओली राहायला हवी. व्हर्साफाइनवर लगेच पावडर टाकली तर चालेल, पण सोनेरीसाठी व्हर्सामार्कसारखी रंगहीन चिकट शाई सोपी, चुकलं तरी पांढऱ्यावर डाग फारसा दिसत नाही. (विनोद म्हणजे तुमच्या ऑफिस पॅडची न वाळणारी शाई इथे कामाला येते. फक्त पावडरीखालून काळी कड डोकावते.)

ड्रायर गरम कमी करतो आणि वारा जास्त घालतो. पावडर वितळायला त्याहून जास्त उष्णता लागते. हार्डवेअरच्या दुकानातली हीट गन चालेल, पण सर्वांत कमी वाऱ्यावर, 12-15 सेमी लांबून. आधी कार्डाच्या मागून शेका, पावडर धरली की मग पुढून. दाणे चकाकले की लगेच पुढे सरका. जास्त तापलं तर सोनं कागदात मुरतं आणि तेलकट, मंद दिसतं. खरखरीत राहिलं तर कमी तापलंय, पुन्हा शेका. देवनागरीला 'डिटेल' म्हणजे बारीक दाण्याची पावडर घ्या, जाड दाण्याच्या पावडरीने 'भ' बुजणारच.

या दिवसांत कागद ओल धरतो आणि पावडर नको तिथे चिकटते. शिक्का मारण्याआधी कोऱ्या कागदावर 5-6 सेकंद गरम वारा फिरवा, थंड होऊ द्या, मग टाल्कम पावडरची पातळ कापडातली पुरचुंडी वरून फिरवा. राहिलेले दाणे वितळवण्याआधी कोरड्या ब्रशने उचला.

टिपकागद:
क्रमाचंही सांगतो. 40 कार्डं आहेत, तर शिक्के सुट्या तुकड्यांवर मारा आणि शेवटी कार्डावर चिकटवा, बिघडलं तर एक तुकडाच जातो. ए4 आडवा कापून दोन ए5, त्याची घडी म्हणजे ए6 कार्ड. घडीच्या रेषेवर रिकाम्या रिफिलच्या पेनाने पट्टी धरून आधी खाच पाडा. 300 जीएसएम खाचेशिवाय दुमडला तर वरचा थर फाटतो.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजन बघा. 300 जीएसएमचा ए5 सुमारे 9.3 ग्रॅम, 10×14.3 सेमीचा वरचा तुकडा 4.3, शंभर जीएसएमचं पाकीट चारेक. म्हणजे 18 ग्रॅमच्या आसपास. आणखी एक थर चढवलात की 20 ओलांडून जास्तीचं तिकीट लागतं. तिकीट नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापलेलं असू शकतं, पण म्हणून ते स्वस्त पडत नाही :) सोनेरी बाजूवर बटर पेपर ठेवा, पाकिटात घासली तर पावडरीचे टवके उडतात.

उलटीवेलांटी:
आणि चाळीस कार्डं सुरू करण्याआधी त्याच कागदाच्या कातरणावर एक ठसा मारून रात्रभर ठेवा. सकाळी ओलं बोट फिरवून बघा.