खाडीच्या गढूळ पाण्याचे आकडे लोकांना कसे दाखवू?

खाडीकाठची, ऐरोली
नमस्कार मंडळी, एमएस्सीसाठी ठाणे खाडीच्या पाण्याचा गढूळपणा मोजतेय. सेकी डिस्क म्हणजे काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी किती सेंटीमीटर आत गेली ते लिहायचं. आठवड्यातून दोनदा, एकाच जेट्टीवरून, भरती अर्धी चढली की, असं वर्षभर केलंय. आता सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, कोळीवाड्यातली माणसंही येणारेत. मागच्या वेळी ग्राफ लावले तर सगळे फ्लेमिंगोच्या फोटोपाशीच थांबले. 2022 ला खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाल्यापासून पक्षी सगळ्यांना माहीत झालेत, पण ते ज्या गाळावरचं शेवाळ खातात त्या गाळाकडे कुणी बघत नाही याचं फार वाईट वाटतं. चित्रकलेतून काही करता येईल का?

रंगरेषा, ठाणे
चित्र नको, गोधडी करा! एड हॉकिन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने 2018 मध्ये तापमानाचे नुसते निळे-लाल पट्टे केले, एका वर्षाला एक पट्टा, आकडा नाही की अक्षर नाही, तरी बघताक्षणी कळतं. तुम्ही जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडा, एका रीडिंगला एक, आणि खाडीच्याच गाळात बुडवून वाळवा. थाळी जितकी लवकर दिसेनाशी झाली तितक्या जास्त बुड्या. नियम एकदा ठरला की मात्र दिसायला छान वाटतं म्हणून एकही पट्टी बदलायची नाही, मी चित्रकला शिकवते तरी हे सांगते. आणि गाळात हात घालताना ग्लोव्हज घाला.

वल्हेकरी, दिवाळे
ताई, पट्ट्या तारखेने नको, तिथीने लावा. अमावस्या-पुनवेला उधाण, त्याचा खरा जोर एक-दोन दिवसांनी, पाण्याला ओढ लागते आणि तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे लहान भरती, पाणी मवाळ, गाळ खाली बसतो. माझे बाबा वल्ह्याचं पातं किती खोल दिसतं त्यावरून सांगतात आज पाणी कसंय. तारखेने लावलंत तर आमच्या माणसांना ते नुसतं कापड वाटेल, तिथीने लावलंत तर लांबूनच वाचतील.

खाडीकाठची, ऐरोली
दादा, काल रात्री कालनिर्णय समोर ठेवून वहीतल्या प्रत्येक रीडिंगपुढे तिथी लिहिली. पावसाळा सोडला, तेव्हा सगळंच गढूळ, तर बाकीच्या महिन्यांत भांगाला थाळी खरंच जास्त खोलवर दिसलीये. भरती-ओहोटीचं हे चक्र मी पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या आकड्यांत पहिल्यांदाच दिसलं. आता पंधरा तिथींच्या पंधरा उभ्या रांगा करते, पावसाळ्याची गोधडी वेगळी. आईने दोन साड्या काढून दिल्यात.
दादा, बाबांना वल्हं घेऊन यायला सांगाल का? थाळीच्या शेजारी ठेवायचंय.

वल्हेकरी, दिवाळे
सांगतो. त्या दिवशी भांग असेल तर उशिरा येतील, जाळं टाकायला जातील आधी.