मदत हवी आहे: नंबर पोर्ट केल्यापासून मुंबईहून काकांना फोन लागत नाही

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातलं कोणी इथे असेल तर कृपया हे वाचा.

माझे काका नाशिकला पंचवटीत तीर्थोपाध्याय आहेत. रामकुंडावरचं अस्थिविसर्जन, दशक्रिया, श्राद्ध हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. यजमानांच्या नामावळीच्या चोपड्या घरात आहेत. काकांचा मोबाइल नंबर २००३ चा, इनकमिंग फुकट झालं त्या वर्षी घेतलेला. कितीतरी घरांत तो डायरीत नाहीतर देवघराच्या भिंतीवर लिहिलेला आहे. म्हणून रेंज मिळेनाशी झाली तरी नंबर सोडला नाही, दीड महिन्यापूर्वी पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. १९०० ला एसएमएस, मग कोड, मग नवं सिम. तिसऱ्या दिवशी चालू. रेंज आता घरभर येते.

गेल्या आठवड्यात दादरच्या एका यजमानांचे वडील गेले. त्यांनी निघायच्या आदल्या रात्री घरून आठ-दहा वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी "आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही". काकाही गेले असावेत असं समजून त्यांनी कुंडावर दुसऱ्या गुरुजींकडून विधी करून घेतला, आणि नंतर आमच्याकडे विचारपूस करायला आले. दार काकांनीच उघडलं. काकांनी लगेच चोपडी काढून त्यांच्या वडिलांचं नाव लिहून घेतलं, पण दिवसभर नीट जेवले नाहीत. "तीन पिढ्यांचं घर, आणि त्यांच्या वेळेला मी नाही," एवढंच म्हणत होते.

मग मी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावायला लावला. नव्या कंपनीच्या ग्राहकांचा लागतो. जुन्या कंपनीच्या ग्राहकांचाही लागतो. गोंधळ तिसऱ्या कंपनीचा आहे: तिच्या नाशिक-पुण्याच्या नंबरांवरून लागतो, पण दादरच्या यजमानांचा आणि कल्याणच्या मावशीचा लागत नाही. एका यजमानांच्या मुलीने अमेरिकेतून लावला, तो पहिल्या झटक्यात लागला.

नव्या कंपनीच्या गॅलरीत म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे, ज्यांचा लागत नाही त्यांच्या कंपनीला विचारा. मावशीने तिच्या कंपनीला विचारलं तर म्हणाले, ज्यांना लागत नाही त्यांच्या कंपनीला विचारा.

दोष नक्की कुठे आहे आणि तक्रार कोणी करायची? घरातल्या काहींना वाटतं, दुसऱ्या कंपनीला पैसे द्यावे लागतात म्हणून मुद्दाम कॉल अडवतात. हे खरं असू शकतं का? आणि यजमानांचे त्या आठ-दहा कॉलचे पैसे गेले असतील का?

मखमलाबाद रोड

आधी घरचं तपासा. कॉल फॉरवर्डिंग चालू राहिलं असेल, किंवा हँडसेटमधल्या स्पॅम ॲपने नंबर ब्लॉक केले असतील. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा.

गोदाकाठ

धन्यवाद. फॉरवर्डिंग बंद आहे, सिम माझ्या फोनमध्ये घालूनही पाहिलं. तेच.

सातपूरकर

बरीच वर्षं स्विचिंगमध्ये काढली आहेत. तुम्ही ज्या पद्धतीने एकेका कंपनीचा नंबर तपासलात, त्यातच निम्मं उत्तर आलंय.

आधी घोषणेचे शब्द. "कव्हरेज क्षेत्राबाहेर" किंवा "स्विच ऑफ" असं ऐकू आलं तर बहुधा कॉल बरोबर नेटवर्कपर्यंत पोहोचलेला असतो, फक्त फोन सापडत नसतो. "अस्तित्वात नाही" याचा अर्थ ज्या कंपनीच्या नोंदवहीत विचारणा झाली तिथे हा ग्राहकच नाही. पोर्ट झालेल्या नंबरबाबत ती बहुतेक वेळा जुनी कंपनी असते.

हे कसं होतं? नंबरचे सुरुवातीचे आकडे पूर्वी कंपनी सांगायचे. २० जानेवारी २०११ ला देशभर पोर्टेबिलिटी आली आणि त्या आकड्यांवर विसंबता येईनासं झालं. आपल्याकडच्या पद्धतीत शोध घ्यायची जबाबदारी कॉल जिथून निघतो त्या कंपनीवर आहे. कॉल बाहेर सोडण्याआधी तिने पोर्ट झालेल्या नंबरांच्या यादीत पाहायचं, सापडला तर त्याच्यापुढे नव्या कंपनीचा मार्गक्रमांक जोडायचा, आणि त्या कंपनीच्या जोडणीवर कॉल द्यायचा. या मार्गक्रमांकाला एलआरएन म्हणतात. यादी मध्यवर्ती पोर्टेबिलिटी संस्थेकडून येते, कंपन्या तिची प्रत स्वतःकडे ठेवतात. एखाद्या प्रतीत एक नोंद चढायची राहिली, की तिथून निघालेला कॉल जुन्या आकड्यांप्रमाणे जुन्या कंपनीकडे जातो. तिने तर काकांचं नाव केव्हाच कमी केलेलं असतं.

आता तुमच्या चाचण्या. नाशिक आणि पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागात) येतात, ज्यात गोवा आहे पण मुंबई नाही. दादर आणि कल्याण मुंबई सर्कलमध्ये. एकाच कंपनीचा महाराष्ट्रातला कॉल लागतो आणि मुंबईतला नाही, म्हणजे माझ्या मते तिच्या मुंबईच्या प्रतीत काकांची नोंद नाही किंवा चुकीची आहे. परदेशातून आलेल्या कॉलसाठी हाच शोध भारतात कॉल उतरवून घेणारी आंतरराष्ट्रीय कंपनी करते. तिची यादी ताजी आहे, म्हणून अमेरिकेतला लागला. काकांचं सिम आणि नवी कंपनी यांत दोष असता तर सगळ्यांनाच त्रास झाला असता.

मुद्दाम अडवण्याबद्दल: पूर्वी फोन करणाऱ्याची कंपनी ज्याला फोन लागला त्याच्या कंपनीला मिनिटामागे पैसे द्यायची. मोबाइलसाठी २००९ पासून २० पैसे, २०१५ पासून १४, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आता देशातल्या कॉलवर प्रत्येक कंपनी आपल्या ग्राहकाकडून घेते ते स्वतःकडे ठेवते. काकांचा कॉल अडवून कोणाचा पैसा वाचत नाही. परदेशातून येणाऱ्या कॉलवर तेवढं शुल्क अजून आहे, आणि तुमचा नेमका तोच कॉल लागतोय.

यजमानांचे पैसेही गेले नसणार. मीटर सुरू होतो तो समोरून फोन उचलल्याचा सिग्नल आल्यावर. रेकॉर्ड केलेल्या घोषणेला तो सिग्नल जात नाही.

तक्रार दोन्हीकडून करा. काकांनी नव्या कंपनीकडे लिहून द्यावं: पोर्ट झाल्याची तारीख, कोणत्या कंपनीच्या कोणत्या सर्कलमधून लागत नाही, तीन-चार कॉलची तारीख-वेळ, आणि घोषणेचे शब्द. "फोन लागत नाही" एवढंच लिहिलंत तर रेंजची तक्रार समजून बंद करतील. मावशींनी त्यांच्या कंपनीकडे तेच द्यावं, कारण दुरुस्ती तिथेच व्हायची आहे. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, दोघांनी घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिथे वाट बघू नका. पुढची पायरी दूरसंचार विभाग, केंद्राच्या तक्रार पोर्टलवरून.

गोदाकाठ

सातपूरकर, मनापासून आभार. काकांना वाचून दाखवलं. "म्हणजे माझं नाव मुंबईच्या चोपडीत चढवायचं राहिलंय," म्हणाले. त्यांना तुमचं सगळं बरोबर कळलं.

आज दोन्ही तक्रारी तुम्ही सांगितलं तशा लिहून दिल्या. मावशीकडचा पहिला माणूस पुन्हा रेंजचंच विचारत होता. "पोर्ट नंबरची नोंद तपासा" असं तिने तीनदा सांगितल्यावर कॉल वरच्या टेबलावर गेला. दोन्ही डॉकेट मिळाले आहेत.

मुंबई, कल्याण, नवी मुंबईतल्या सभासदांना एक विनंती. कंपनीचं नाव आणि काकांचा नंबर इथे लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. कृपया एकदा फोन लावून बघा आणि काय ऐकू आलं ते वेळेसकट कळवा. लागलाच तर काका उचलतील, त्यांना फक्त आपलं गाव सांगा. सिंहस्थ तोंडावर आलाय, त्याच्या आत हे सुटायला हवं आहे.