कोल्ड बॉक्स कोअर शॉप आणि फुप्फुसाचा एचपी: डॉक्टरांना काय लिहून द्यायचं?

कोअरबॉक्स_४१६: शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कोअर (ओतीव भागातली पोकळी घडवणारा वाळूचा गोळा) मशीनवरचा कामगार, वय 38. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण. विडी-सिगारेट नाही, टीबी तपासणी निगेटिव्ह. एचआरसीटीत (छातीचा बारीक सीटी स्कॅन) हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिसची, म्हणजे एचपीची शंका (श्वासातून गेलेल्या पदार्थाच्या अ‍ॅलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज). छातीच्या डॉक्टरांनी कामावर कशाकशाशी संबंध येतो ते लिहून आणायला सांगितलंय. कंपनी म्हणते, "रेझिन आहे." एन-95 लावून काम चालू ठेवता येईल का?

सॅंडलॅब: नुसतं "रेझिन" लिहून डॉक्टरांना काहीच कळणार नाही. कोल्ड बॉक्सला (न तापवता, गॅस मारून कोअर घट्ट करायची पद्धत) दोन ड्रम असतात. पहिल्यात फिनॉलिक रेझिन, दुसऱ्यात एमडीआय, म्हणजे आयसोसायनेट. दोन्ही मिळून वाळूच्या वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के. वर अमाइन गॅस मारला की कोअर काही सेकंदांत घट्ट होतो. दोन्ही ड्रमांच्या लेबलचे फोटो काढा आणि सेफ्टी डेटा शीट लेखी मागा.

अमाइनचा वास नाकात जातो म्हणून सगळे त्यालाच घाबरतात. एमडीआयला मात्र वास जवळजवळ नसतो, आणि एचपीसाठी पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. मिक्सर साफ करणं, ओल्या मिश्रणाला उघडा हात लावणं, ओतकामात कोअर जळताना जवळ उभं राहणं, यातलं काय आणि रोज किती वेळ, ते लिहा. शिफ्टच्या शेवटी दिव्याभोवती वलय किंवा निळसर धुकं दिसत असेल तर तेही लिहा. तो अमाइनचा परिणाम. बॉक्सचं सील गळतंय किंवा एक्झॉस्ट ओढत नाही, असा त्याचा अर्थ.

एन-95 फक्त कण अडवतो, वाफ नाही. अमेरिकेत एमडीआयची कमाल मर्यादा 0.02 पीपीएम आहे, पण एकदा शरीर संवेदनशील झालं की त्याहून कमी पातळीलाही त्रास उठतो. तेव्हा मास्क लावून तिथंच काम, हा विचार सोडा.

श्वासमार्ग: वेळेचा तक्ता करा. एचपीची कणकण आणि खोकला संपर्कानंतर साधारण 4 ते 8 तासांनी येतो, म्हणून सकाळपाळीचा माणूस संध्याकाळी आजारी पडतो आणि कारखान्यावर कुणाचा संशय जात नाही. सुट्टीत बरं वाटतं का, हेही टिपा. जुना आजार असेल तर हा चढउतार दिसेलच असं नाही.

घरचीही झाडाझडती हवी: गॅलरीत कबुतरं, कूलरच्या कुजलेल्या ताट्या, भिंतीची ओल. आपल्याकडे एचपीची ही नेहमीची कारणं आहेत. ती न विचारता सगळं कारखान्यावर ढकलणंही चूकच.

एचआरसीटीत श्वास बाहेर सोडल्यावर काढलेली चित्रं नसतील तर हवा अडकलेली नीट दिसत नाही. रेडिओलॉजिस्टला विचारा. स्पायरोमेट्रीसोबत (फुंकून करायची श्वासचाचणी) डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ती चाचणी) करून घ्या, पुढची तुलना त्यावरच होते. स्टेरॉइडने धाप कमी होते, पण संपर्क चालू राहिला तर आत फायब्रोसिस (फुप्फुसाला वण पडून ते कडक होणं) वाढतच राहतो.

कोअरबॉक्स_४१६: धन्यवाद. कंपनी फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायचं काम) बदली देते म्हणते. घ्यावी का?

सॅंडलॅब: अजिबात नको. फेटलिंग आणि नॉकआउटला (साचा फोडून वाळू झाडणं) सिलिकाची धूळ. आधीच दुखावलेल्या फुप्फुसात सिलिकोसिस, आणि त्यातून टीबीचा धोका, कशाला ओढवून घ्यायचा? मशीन शॉपही सरळ "सुरक्षित" धरू नका. पाण्यात मिसळलेलं कूलंट (कापताना यंत्रावर सोडायचं थंडाव्याचं द्रावण) जुनं झालं, त्यात जंतू वाढले, की त्याच्या तुषारांनीही एचपी होतो. पॅटर्न शॉपला (साच्याचे नमुने बनवायचा विभाग) लाकडाचा भुसा आणि पुन्हा रेझिन. डिस्पॅच, गेट किंवा ऑफिसचं काम मागा. स्टोअर दिलं तर रेझिनचे ड्रम तिथं उघडत नाहीत ना, ते आधी बघा.

श्वासमार्ग: बदलीचा अर्ज तोंडी नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीत "आयसोसायनेट आणि धुळीपासून दूर" असं स्पष्ट लिहून घ्या, पोच घ्या. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर सगळे रिपोर्ट तिथंही नोंदवा. कारखाना कायदा 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत (सरकारला कळवायच्या आजारांची यादी) सिलिकोसिस आणि आयसोसायनेट विषबाधा दोन्ही होते; 2025 मध्ये त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता 2020 च्या तिसऱ्या अनुसूचीतही ते आहेत. निदान पक्कं झालं तर कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांचीही असते. ते विसरले तर आठवण करून द्या.