एचबीओच्या आधीचा क्रिप्टकीपर

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' ही एचबीओ या अमेरिकी वाहिनीवरची भयकथांची मालिका त्याच नावाच्या १९७२च्या ब्रिटिश सिनेमावरून निघाली असं कुणी म्हणतं, त्यात थोडी भर. सिनेमा आणि मालिका दोन्हींचं मूळ एकच, विल्यम गेन्सच्या ईसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेची १९५०च्या दशकातली भयकथा-मासिकं. गोष्टी सांगणारा सूत्रधार क्रिप्टकीपरही तिथलाच.

खरी गंमत त्या मासिकांच्या शेवटात आहे. एप्रिल १९५४मध्ये बालगुन्हेगारीवरच्या अमेरिकी सिनेट उपसमितीसमोर गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्यात बाईचं तुटलेलं मुंडकं, असं मुखपृष्ठ दाखवून सेनेटर केफॉव्हरने विचारलं, हे सुरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, भयकथेच्या मानाने हो; मुंडकं जरा वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट ठरलं असतं! झालं, दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. त्याच वर्षी कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवरच घातलेली नियमावली, आला, मथळ्यात 'हॉरर', 'टेरर' हे शब्दही चालेनात, आणि ईसीची भयमासिकं बंद पडली.

एचबीओवर मालिका आली १९८९मध्ये. पैसे भरून बघायची वाहिनी, त्यामुळे जाहिरातदारांची मर्जी राखायची गरज नाही. म्हणूनच मूळ कथांचा आचरटपणा शाबूत राहिला. केव्हिन येगरने बनवलेली क्रिप्टकीपरची बाहुली आणि तिला जॉन कॅसिरने दिलेला तो खिंकाळणारा आवाज, निम्मी मालिका तिथेच वसूल. सात सीझन, ९३ भाग. शेवटचा सीझन ब्रिटनमध्ये चित्रित झाला, आणि (माझ्या मते) तिथेच चव गेली.