मदत हवी आहे: इंडेक्स टाकूनही नकाशाच्या टाइल्स रखडतात

नमस्कार मंडळी,

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा पश्चिम भारताचा डेटा ओएसएम२पीजीएसक्यूएल या आयातीच्या साधनाने पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये घेतलाय; त्यातून टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, मॅपनिक हा प्रोग्राम बनवतो. झूम १४ च्या पुढे सगळं झकास. पण झूम ८-९ ला, म्हणजे दुरून मोठा भाग बघताना, कोकणपट्टीची एक टाइल यायला चहा पिऊन होतो!

भूमितीच्या कॉलमवर जिस्ट इंडेक्स (कुठला आकार कुठे आहे ते झटकन शोधणारी सूची) आहेच, आयात करतानाच तयार होतो. पण एवढ्या झूमला टाइलची चौकट इतकी मोठी की त्यात लाखो इमारती, शेतं, तळी येतात. इंडेक्स त्या सगळ्या इमानेइतबारे शोधून देतो आणि मग way_area (आकाराचं क्षेत्रफळ) च्या अटीवर बहुतेक फेकून द्याव्या लागतात. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर'चा (अटीमुळे फेकलेल्या ओळींचा) आकडा बघूनच घाम फुटला.

म्हणून पार्शल इंडेक्स (अट पाळणाऱ्या ओळींपुरताच इंडेक्स) केला:

क्रिएट इंडेक्स ऑन planet_osm_polygon यूजिंग जिस्ट (way) व्हेअर way_area > १०००००

जंगलांच्या थराला तो लागला, पाण्याच्या थराला मात्र प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तिथल्या क्वेरीत way_area ची अट सबक्वेरीच्या बाहेर, ऑर च्या आत आहे. त्यामुळे इंडेक्सची अट पूर्ण होतेय हे त्याला कळत नसावं का? अ‍ॅनालाइझ चालवून टेबलची आकडेवारी ताजी करून झालंय. डिस्क एसएसडी आहे, पण random_page_cost (डिस्कवरून विखुरलेली पानं वाचण्याचा प्लॅनरने धरलेला खर्च) अजून मूळचाच ४; तो १.१ केला तर फरक पडेल?

आणि प्रत्येक झूमसाठी वेगळा पार्शल इंडेक्स ठेवणं शहाणपणाचं आहे का? रोजचे अपडेट मंदावतील अशी धास्ती वाटते.

कुणी हे निस्तरलं असेल तर प्लीज सांगा.