खांदा दुखतोय: हात मारायची पद्धत बदलायची की पाण्याबाहेर थांबायचं?

संथलाट
खांदा दुखतो म्हटलं की सल्ला ठरलेला: "पोहणं बंद करा." मला हे पटत नाही. हात वर नेताना एका ठरावीक जागी कळ येते, पण रात्री झोपमोड होत नाही आणि हातातली ताकद शाबूत आहे, अशा दुखण्यात पाणी सोडू नये. हात मारायची पद्धत बदलावी.

फ्रीस्टाइलमध्ये कितीतरी जणांचा हात अंगठ्याकडून पाण्यात शिरतो, कारण वर्षानुवर्षं तसंच शिकवलं गेलं. तळवा बाहेर वळला की दंडाचं हाड आतल्या बाजूला फिरतं आणि खांद्याच्या टोकाखालून जाणारी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा) चिमटीत सापडते. हात डोक्यासमोरून पलीकडे गेला तर आणखीच. त्यापेक्षा तळवा खाली, बोटं आधी, हात खांद्याच्या रेषेत. पुढे गेलेला सरळ हात तसाच खाली दाबू नका. आधी बोटं तळाकडे वळवा, कोपर वरच राहू दे, मग पाणी मागे ढकला. श्वास दोन्ही बाजूंनी घ्या, म्हणजे धड दोन्हीकडे वळेल आणि हात बाहेर काढायचं सगळं काम एकट्या खांद्यावर पडणार नाही.

पॅडल (पाणी जास्त रेटण्यासाठी पंजाला लावायच्या चकत्या) तर बंदच. किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, तीही नको, कारण हात पुढे ताणून त्यावर भार देणं हीच दुखऱ्या खांद्याची नाजूक अवस्था. पाठीवर पडून, हात मांडीशी ठेवून किक मारा.

हाडवैरी_नाही
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि या धाग्याची मला काळजी वाटते. तंत्र बदललं की कळ कमी होते, माणूस खूश होतो आणि मूळ कारण तसंच राहतं. पोहताना दंड आत फिरवणारे स्नायू सतत कामाला लागतात, बाहेर फिरवणारे मागे पडतात. त्यात दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसल्याने पाठीचा वरचा भाग आखडलेला. हे पाण्यात सुटत नाही. कोपर बरगडीशी, मध्ये घडी घातलेला टॉवेल, हातात रबर बँड, आणि पंजा सावकाश बाहेर. हे कंटाळवाणं काम आधी, फ्रीस्टाइल नंतर. शिवाय दुखणं "साधं" आहे हे ठरवणार कोण? कंडरा फाटलेली असूनही फारसं न दुखणारे लोक असतात.

संथलाट
रबर बँडला माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो सरसकट बंदीला. महिनोन्‌महिने बाहेर बसवलेला माणूस पुष्कळदा परत येतच नाही, आणि आला तर जुन्याच पद्धतीने हात मारतो. मग तुमच्या व्यायामाचं काय झालं?

चिवलेकर
संथलाट ताईंशी सहमत, पण एक राहिलं. पाण्याबाहेर कोपर उंच काढायचा आग्रह दुखऱ्या खांद्याला सोडावा. आम्ही मालवणला समुद्रात पोहतो. लाटेत कोपर उंच ठेवून हात नीट येत नाही, म्हणून सैल हात बाजूने, थोडा लांबून फिरवून आणतो. वर उचलताना खांदा आत पिळला जात नाही. दुखणाऱ्यांनी करून बघावं.

बॅचचे_सर
समुद्रात ठीक आहे हो. नगरपालिकेच्या तलावावर पाऊण तासाची बॅच, लेनच्या दोऱ्या नाहीत, शेजारी शिकाऊ मुलं. हात बाजूने फिरवलात तर कुणाच्या तरी नाकावर बसेल. आणि प्रत्येकाने आपापल्या दुखण्याप्रमाणे शैली बनवायची म्हटलं तर आम्ही शिकवायचं काय? दुखत असेल तर उथळ भागात चाला, बॅकस्ट्रोकची नुसती किक मारा, बरे होऊन या.

वाकडं_कोपर
सर, "बरे होऊन या" हे मला लागू नाही. लहानपणी कोपर मोडलं, ते पूर्ण सरळ होत नाही आणि होणारही नाही. ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात सारखे चालत नाहीत, म्हणून मी कुशीवर पोहतो, चांगला हात खाली ठेवून. आमच्याकडे विहिरीत जुनी माणसं असंच पोहायची, त्यांना कुणी चूक म्हटलं नाही. करमाळ्याच्या सुयश जाधवचे दोन्ही हात विजेच्या धक्क्यामुळे गेले. त्याने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं. त्याला पुस्तकातला हात कुठून आणायला सांगणार होतात?

हाडवैरी_नाही
सुयशबद्दल आदर आहे, पण हे उदाहरण इथे चालणार नाही. त्याच्या शरीराची मर्यादा स्थिर आहे. तिच्याभोवती तंत्र बसवता येतं, तुमच्या कोपराचंही तसंच. दुखरी कंडरा मात्र बदलत असते: आज सूज, उद्या बरी, परवा जास्त भार पडला की फाटते. तिच्याभोवती कायमचं तंत्र बसवू नका.

संथलाट
हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच मी अंतराबद्दल आग्रही आहे: निम्म्याहून कमी लॅप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखला तर आणखी कमी. पण अंगठ्याकडून हात घालणं निरोगी खांद्यालाही वाईटच. सर, ते तरी शिकवणं थांबवाल का?

बॅचचे_सर
ते थांबवतो. नव्या मुलांना बोटांकडूनच शिकवू. हात बाजूने फिरवायचा असेल तर मात्र सकाळच्या पहिल्या बॅचला या, तेव्हा कडेची बाजू रिकामी असते.

मधुमेही_काका
डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलंय. हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. वरचं काही मला लागू आहे का?

हाडवैरी_नाही
काका, फ्रीस्टाइल आत्ता अजिबात नको. छातीभर पाण्यात उभे राहा, हात पाण्यावर सैल सोडा, पाणी त्याला जेवढा उचलेल तेवढाच वर जाऊ द्या. आणि साखर आटोक्यात ठेवा. मधुमेहात खांदा असा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं.